आग उतरण्याआधी उघडलेली बरणी

२ ऑक्टोबर १९८७
वुयी डोंगर

श्री. लो चिंगशान यांस,

बुधवार, दिनांक २३ सप्टेंबर १९८७ रोजी दुपारी साडेतीन ते चार वाजायला वीस मिनिटं या वेळात तुम्ही माझ्या घरी, मी घरी नसताना, खिडकीखालच्या फळीवरची तिसरी बरणी उघडलीत. वेळेबद्दल शंका नको. दवाखान्यातून परत येताना पुलावर मला टपालगाडी भेटली. ती साडेतीनला येते, आणि पुलापासून घर माझ्या पायांनी दहा मिनिटांवर आहे.

तुमच्याबरोबर ओसाकाहून आलेले दोन खरेदीदार होते आणि आपल्या गावच्या चहा कंपनीचे व्यवस्थापक श्यु होते. माझी मदतनीस काइपिंग पाणी उकळत होती. मी उंबऱ्यापाशी आले तेव्हा दुसरं पाणी ओतून झालं होतं. दोघांपैकी वयस्कर पाहुण्याने पेला नाकाशी नेला, एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. तुम्ही स्वतः एक घोट घेतलात आणि हसत हसत श्युंना म्हणालात, "ताईचं वय झालं हो. हात गेला तिचा." मग वळलात, मला पाहिलंत, आणि म्हणालात, "अगं ताई, ये ना, बस."

माझ्याच घरात मला बस म्हणालात.

मी तुम्हाला 'तुम्ही' म्हणते आहे हे लक्षात आलं असेल. अरे-तुरे सख्ख्या भावाशी करतात.

त्या बरणीतला चहा ४ सप्टेंबरला निखाऱ्यांवरून उतरला होता. एकोणीस दिवस झाले होते. कोळशावर शेकलेल्या ऊलाँग चहात पहिले काही महिने आगच बोलते, चहा मागे उभा असतो. सहा महिने बरणीत बंद राहिला की आग उतरते आणि चहा पुढे येतो. हे मी तुम्हाला समजावत बसले आहे याची मला लाज वाटते. तुम्ही सहा वर्षांचे असताना बाबांची बरणी अशीच वेळेआधी उघडली होतीत, आणि बाबांनी शेकाच्या टोपलीची काठी तुमच्या बोटांवर मारली होती. तीस वर्षं सरकारी निर्यात खात्यात चहा चाखून तुम्ही पगार घेतलात. तुम्हाला माहीत नव्हतं असं म्हणू नका.

आता नुकसान ऐका. घराला लागून असलेली शेकाची खोली, १९५६ साली गावात सगळं सामाईक झालं तेव्हापासून, गावाची आहे. घर माझं, खोली गावाची. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून पाच वर्षं मी त्या खोलीत कंपनीसाठी चहा शेकते. आता श्युंचं म्हणणं असं की तिथले निखाऱ्यांचे सहाही खड्डे सिमेंटने बुजवायचे आणि विजेच्या भट्ट्या बसवायच्या. बटण दाबलं की गरम, बटण दाबलं की गार. इतके दिवस ते माझ्या तोंडावर हे बोलत नव्हते. २३ तारखेनंतर बोलतात. "तुमचे भाऊच म्हणाले," असं म्हणतात.

तेव्हा तुम्ही श्युंना लेखी कळवावं की बरणी मुदतीआधी उघडली गेली आणि चहात दोष नव्हता. त्याची एक प्रत मला पाठवावी. फूचौच्या कॉन्व्हेंटमध्ये मदर इनेस आम्हाला तक्रारीचं पत्र शिकवायच्या: वर दिवस, वेळ आणि जागा, खाली काय हवं आणि कधीपर्यंत, मध्ये रडायचं नाही. त्याप्रमाणे लिहिते आहे.

३१ ऑक्टोबरपर्यंत.

लो युएचिन


११ नोव्हेंबर १९८७

श्री. चिंगशान,

तुमचं पत्र ४ तारखेला मिळालं. मुदत उलटून चार दिवस झाले होते. पत्रात सात ओळी आहेत. त्यातल्या दोन फूचौच्या हवेबद्दल.

तुम्ही लिहिता की बरणीवरच्या चिठ्ठीवर 'वाघाचं वर्ष, नववा महिना' असं माझ्याच अक्षरात लिहिलं होतं. म्हणजे गेल्या वर्षीचा शेक. वर्षभर मुरलेला चहा आहे असं समजून तुम्ही तो पाहुण्यांसमोर ठेवलात. आणि वर्षभरानंतरही ज्या चहात इतकी आग असेल तो जळलेलाच असणार, असं कुणीही जाणकार म्हणेल, असं तुमचं म्हणणं.

बरण्या जुन्या आहेत. त्यांच्यावर बरंच काही चिकटलेलं असतं. चिठ्ठी वाचून चहा ओळखायचा तर तीस वर्षं तुम्ही चाखत काय होतात, कागद? पान तळहातावर घेतलं असतंत तरी कळलं असतं. ताज्या शेकाचं पान कोरडं, खडखडीत लागतं. मुरलेलं पान जरा नरम येतं. नाक कुठे होतं तुमचं?

बाकी इथलं विचारलंय म्हणून लिहिते. मी बरी आहे. गेल्या हिवाळ्यातल्या तापानंतर थकवा गेलेला नाही. त्यासाठीच दवाखान्यात जाते, तुम्हाला वाटतं तसं रक्तदाबासाठी नाही. काइपिंग येते. ती पलीकडच्या घरातली विधवा सून, चाळिशीची, बोलायला मोठी फटकळ. सहा वर्षं माझ्या हाताखाली आहे. परवा आम्ही दोघी चुलीजवळ बसून बांबूचे कोंब सोलत होतो, आणि ती एकदम उठून म्हणाली, "मावशी, भात लागला." मी म्हटलं, "शेजारच्यांचा असेल, बस खाली." तिने झाकण काढलं. तळाचा भात काळा झाला होता. "शेजारच्यांचा भात आपल्या पातेल्यात कसा आला?" म्हणाली. मी तिला रागावले. उगीचच रागावले.

खोलीत शेवटच्या दोन खड्ड्यांत विस्तव अजून आहे. उशिरा आलेला थोडा माल शेकायचाय. आता वाकून टोपली उचलायची म्हणजे कंबर दोनदा विचार करते. तुम्हाला आठवत नसेल म्हणून सांगते, पानं उलटायची तर टोपलीतली चाळणी आधी खड्ड्यावरून बाजूला न्यायची, मगच हात घालायचा. चुरा निखाऱ्यावर पडला तर धूर उठतो, आणि तो धूर त्या सगळ्या चहाला कायमचा चिकटतो. दर वेळी उचलायची, दर वेळी बाजूला न्यायची. दिवसाला शंभर वेळा. विजेच्या भट्टीत हे काहीच लागत नाही, श्युंचं म्हणणं खरं आहे.

तुम्ही श्युंना लिहिलं की नाही याबद्दल तुमच्या सात ओळींत एक अक्षर नाही.

मला याचं नवल वाटायला नको. १९६८ पासून सात वर्षं दर शनिवारी मी कारखान्याच्या कार्यालयात बसून लेखी जबाब देत होते, परदेशी साध्वींच्या शाळेत काय शिकले म्हणून. शिवण शिकले, पत्रलेखन शिकले, इंग्रजीत दिवसांची नावं शिकले. हेच दर शनिवारी नव्याने लिहायचं. एका शनिवारी चौकशी करणाऱ्यांनी विचारलं, तुझा भाऊ तुझ्याबद्दल काय सांगेल? मी म्हटलं, त्यालाच विचारा. त्यांनी विचारलं. तुम्ही माझ्याविरुद्ध काही लिहिलं नाहीत, हे मला माहीत आहे. बाजूनेही लिहिलं नाहीत. कोरा कागद परत गेला, असं त्यांनीच मला हसून सांगितलं.

तेव्हा तुम्हाला दोन मुलं होती. मी समजून घेतलं. निदान तसं म्हणत आले.

आता मुलं मोठी झाली आहेत. श्युंना लिहा. ३१ डिसेंबरपर्यंत.

युएचिन


२४ जानेवारी १९८८

चिंगशान,

काल श्यु आले. हातात धुरावलेला हंस होता, कागदात गुंडाळलेला. माणूस हंस घेऊन आला की समजावं, एकतर काही मागायला आलाय किंवा माफी मागायला. मला वाटलं सिमेंटची तारीख सांगायला आलेत.

"मावशी, रागावला नाहीत ना?"

"बसा. रागवायचं की नाही ते तुम्ही काय सांगता त्यावर ठरवेन."

"तुमच्या भावाचं पत्र आलंय."

"कोणता भाऊ?"

"आता काय म्हणावं तुम्हाला," म्हणाले, आणि खिशातून चष्मा काढला.

त्यांनी वाचून दाखवलं. मग मी कागद मागून घेतला आणि स्वतः वाचला. तू लिहिलंयस: 'चूक सर्वस्वी माझी. बरणी नव्या शेकाची आहे, उघडू नकोस, असं ताईने मला आदल्या दिवशी बजावलं होतं. पाहुण्यांसमोर मिरवायच्या नादात मी ऐकलं नाही. त्या चहात दोष नव्हता. तिच्या हातासारखा हात आज या डोंगरात दुसरा नाही.' खाली सही आणि खात्याचा शिक्का. शिक्का कशाला मारलास? निवृत्तीला दोन महिने राहिले आहेत ना तुझे?

श्यु म्हणाले, "एवढ्या मोठ्या माणसाने स्वतःची चूक लेखी कबूल केली म्हटल्यावर मी कोण? यंदाचा हंगाम खड्डे राहू देतो. पुढचं पुढे बघू." मग उठता उठता म्हणाले, "तुम्ही त्यांना बजावलं होतं, हे तुम्ही बोलला नाहीत कधी."

काइपिंग दारात कोळसा फोडत होती. तिचा हातोडा थांबला. आदल्या दिवशी तू आलाच नव्हतास हे तिला माहीत आहे. तू २३ तारखेला न कळवता आलास, दुपारच्या गाडीने.

मी श्युंना म्हटलं, "म्हातारपणी सगळं आठवतं असं नाही."

म्हणजे आता मीही खोटं बोलले. तुझ्या खोट्याला आधार दिला.

आता मी जे लिहिते ते नोव्हेंबरमध्येच लिहायला हवं होतं. चिठ्ठी मी बदलायची विसरले होते. ४ सप्टेंबरला काइपिंग माहेरी लग्नाला गेली होती. मी एकटीने चहा उतरवला, थंड केला आणि बरण्या भरल्या. चौदा बरण्यांवर नव्या चिठ्ठ्या लावल्या, तिसरीवर राहिली. तुमच्यासमोर उंबऱ्यात उभी असताना मला ती जुनी चिठ्ठी दिसली होती. फळीवर झाकणाशेजारी बरणी होती आणि वाघाचं वर्ष माझ्याकडे तोंड करून होतं. मी तेव्हाच म्हणू शकले असते की अरे, हा ताजा आहे, माझी चूक झाली. माझ्याच्याने बोलवेना. 'हात गेला तिचा' हे ऐकलेलं होतं ना.

म्हणजे बुधवारी दुपारी तू जे केलंस त्यात तुझी काही चूक नव्हती. बाबांनी शिकवलं तसंच तू केलंस, चिठ्ठी वाचलीस आणि मग बरणी उघडलीस.

पण श्युंना तू जे लिहिलंस त्याचं काय करू? मी सत्य मागितलं होतं. वीस वर्षांपूर्वी तुझ्याकडे एक कागद मागितला तेव्हा तो कोरा आला, आणि आता मागितला तर खोट्याने भरलेला आला. दोन्ही वेळा तुला मला वाचवायचंच होतं, हे मला कळतं. रात्रभर आठवत बसण्याइतकी मी तरुण नाही, पण आज सकाळी नूडल्स अर्ध्यावर ठेवून हे लिहायला बसले.

हंस काइपिंगला दिला. मला त्याची काही चव लागली नाही.

पुढच्या महिन्यात नव्या वर्षाला येणार नसशील तर कळव. येणार असशील तरी कळव.

ताई


२८ मार्च १९८८

चिंगशान,

तू आला नाहीस. ठीक आहे. गुडघ्याचं कारण लिहिलंस, ते खरं धरते.

काल सकाळी तिसरी बरणी, त्याच बुधवारी पुन्हा बंद केलेली, उघडली. गेला आठवडाभर पाऊस होता. काल आभाळ उघडलं, हवा कोरडी होती. सहा महिने पुरे होऊन वर तीन आठवडे झाले होते. आता बरणीतली आग उतरली असेल तर चहा चांगला, आणि उतरली नसेल तर माझा शेक जास्त झाला. तिसरी शक्यता नाही.

काइपिंगने पाणी उकळलं. बाबांच्या छोट्या झाकणवाटीत मी पानं घातली, पाणी ओतलं, झाकण उलटं करून नाकाशी धरलं. मग ते तिच्याकडे दिलं आणि म्हटलं, "सांग बघू, कसला वास येतोय?"

ती झाकण हातात घेऊन उभी राहिली. वास घेतला नाही.

"मावशी, तुम्ही परीक्षा घेताय की विचारताय?"

"म्हणजे काय?"

"गेल्या उन्हाळ्यापासून तुम्ही रोज विचारता. सांग बघू, फुलाचा येतोय की फळाचा? सांग बघू, धूर लागला का? मला वाटायचं, शिकवताय. मग भात लागला त्या दिवशी कळलं."

"कळलं तर बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलला असतात तर बोलले असते."

तुला लिहायचं ते हेच आहे. आदल्या वर्षीच्या हिवाळ्यातल्या तापाने माझं नाक नेलं. सव्वा वर्ष झालं. आधी वाटलं सर्दी आहे, उतरेल. डॉक्टर दर महिन्याला नळी घालून बघतो आणि म्हणतो, वाट पाहा. मी वाट पाहत चहा शेकत राहिले. वास गेला तर काय झालं, मी म्हटलं, चाळीस वर्षांचा हात आहे. निखाऱ्यांवर राख किती जाड पसरायची ते बोटांना ठाऊक आहे. टोपलीच्या कडेला हाताची मागची बाजू लावली की किती ताप आहे ते कळतं. पानांचा रंग दिसतो, आवाज ऐकू येतो. आणि वासाचं काय ते काइपिंगकडून काढून घ्यायचं, तिला न कळता. मी फार हुशार आहे असं मला वाटत होतं.

पण ४ सप्टेंबरला ती लग्नाला गेली होती. शेवटचे पाच तास मी एकटी होते. चहा कधी उतरवायचा ते त्या शेवटच्या तासात ठरतं, आणि ते नाकच ठरवतं. उकडलेल्या रताळ्याचा गोड वास येऊन गेला की लगेच उतरवायचा, त्याच्यापुढे घटकाभर राहिला तरी तो वास करपतो. मी घड्याळ बघून उतरवला. हे बाबांना कळलं असतं तर त्यांनी काठी माझ्या बोटांवर मारली असती.

म्हणून 'हात गेला तिचा' हे ऐकून मी एवढी पेटले. मला भीती होती की तुला कळलं.

काल काइपिंगने मग वास घेतला. चहा प्यायली. तीन वेळा पाणी ओतून झालं. मी म्हटलं, "बोल."

"चांगला आहे, मावशी."

"किती चांगला?"

"चांगला आहे म्हटलं ना. घसा ओला राहतोय. मागून गोडी येतेय."

"आणि आग?"

"थोडी आहे. असावी तेवढीच असेल. मला काय माहीत किती असावी? मी तुमच्याच हातचा चहा पीत आलेय."

तिचं हे म्हणणं बरोबर आहे. ती चांगलं नाक असलेली बाई आहे, पण तिने बाबांचा चहा प्यायलेला नाही. आणि तिची भाकरी त्या खड्ड्यांवर आहे. खड्डे बुजले तर ती कंपनीच्या पाकिटं भरायच्या खोलीत बसेल. तिने 'वाईट आहे' का म्हणावं?

मग मी भिजलेली पानं पांढऱ्या बशीत पसरली. हे मला डोळ्यांनी बघता येतं. जळलेलं पान पाण्यात उलगडत नाही, आवळलेल्या मुठीसारखं काळं राहतं. माझी बहुतेक पानं उलगडली. पाठीवर बेडकाच्या कातडीसारखे फोड आहेत, तसे असायलाच हवेत. पण सातआठ पानं उलगडली नाहीत. मी ती चिमटीत धरून पाण्यात पुन्हा भिजवली, तासभर. नाही उलगडली. सातआठ पानं म्हणजे फार नाहीत. बाबांच्या बशीत मात्र एकही नसायचं.

पान उलगडलं म्हणजे जळलं नाही, एवढंच सिद्ध होतं. वास उरला की नाही ते त्यातून कळत नाही.

कोळशाची मागणी एप्रिलच्या शेवटी द्यावी लागते, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात पान यायला लागेल. श्युंनी हंगाम दिलाय तो तुझ्या पत्रावर दिलाय. काइपिंग म्हणते, "तुम्ही हात व्हा, मी नाक होते." होईल तसं, कदाचित. दोन बायकांचा मिळून एक शेकणारा. पण त्याआधी मला कळायला हवं की नाक नसताना माझा हात कुठवर गेलाय. तो करपवण्यापर्यंत गेला असेल तर मी स्वतः श्युंकडे जाईन, चिठ्ठीचं सांगेन, तुझ्या पत्राचं सांगेन आणि म्हणेन, ओता सिमेंट. गेला नसेल तर कोळसा मागवेन. मधलं काही करायची ताकद माझ्यात उरलेली नाही. मी एकसष्ट वर्षांची आहे आणि हे सव्वा वर्ष सगळ्यांना फसवून दमले आहे.

सोबत रजिस्टर टपालाने दोन पुड्या पाठवते. एक तिसऱ्या बरणीतली. दुसरी खूण म्हणून, १९८५ सालची, माझं नाक शाबूत होतं तेव्हाची. कोणती कोणती ते पुड्यांवर लिहिलंय, यावेळी चिठ्ठ्या मी दोनदा तपासल्या. उकळतं पाणी घाल, मोजून पानं घाल, दोन्ही शेजारी शेजारी ठेव. सकाळी पी, जेवणाआधी. गुडघ्याचं तेल लावायच्या आधी पी, त्याचा वास हाताला राहतो. बाबांचा चहा आठवणारं या जगात आता तुझ्याशिवाय कुणी नाही, म्हणून तुला विचारते आहे. दुसरं कारण नाही.

हे श्युंसाठी नाही. शिक्का नको. फूचौच्या हवेचं नको. मला जपायचं नाही, आणि कोरा कागद पाठवायचा नाही. उत्तर न आलं तर ते मी 'जळला' असं धरणार नाही आणि 'चांगला' असंही धरणार नाही, फक्त तू लिहिलं नाहीस एवढंच धरेन, आणि ते या वयात मला जड जाईल. एकदा चार माणसांसमोर हसत हसत तू तुला वाटलं ते बोललास. तेच आता एकट्या मला, शाईने, लिही.

चहा कसा आहे ते लेखी कळव. पत्र २५ एप्रिलपर्यंत माझ्या हातात हवं.

ताई